भांड्यांच्या आवाजात

सांगली,
आषाढ शुद्ध दशमी

प्रिय बयो,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बराच वेळ तू बोललीच नाहीस, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणालीस, "आत्या, आज मी बाबांवर हात उगारला." उगारलास आणि खाली घेतलास, हेही तीनदा सांगितलंस. मी त्या वेळी फार काही बोलले नाही. फोनवर मला सुचत नाही. शिवाय तेवढ्यात तुझा बाबा, आमचा दादा, पुन्हा उठला होता, त्याच्या चपलांचा आवाज मला इथवर येत होता. इस्त्रीचा शर्ट घालून रात्री तो दारात उभा राहतो आणि ऑफिसला उशीर झाला म्हणतो, हे तू सांगितल्यापासून मला दुसरं काही दिसत नाहीये. म्हणून आज स्वयंपाक लवकर उरकला, दार लोटून घेतलं आणि लिहायला बसले.

आधी व्यवहाराचं सांगते. दादाला डॉक्टरांकडे नेशील तेव्हा रक्तातलं बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासलंय का ते विचार. ही दोन्ही कमी असली तरी माणूस विसरायला लागतो, आणि दोन्हींवर औषध आहे. कानही तपासून घे. ज्याला धड ऐकू येत नाही तो भलतं उत्तर देतो, आणि घरचे म्हणतात डोकं चालत नाही. झोपेची किंवा आणखी कसली गोळी चालू असेल तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेव, काही गोळ्यांनीही म्हातारी माणसं गोंधळतात. आणि आठवड्यातून दोन रात्री तरी दादाजवळ बसायला एखादे मामा कामाला ठेव, म्हणजे तुला सलग झोप मिळेल. पैशाचं मी बघते. त्यात संकोच नको.

आता तू मागितलेलं पुस्तक. "म्हातारी माणसं कशी सांभाळायची याचं एखादं चांगलं पुस्तक सांग," असं तू म्हणालीस. तसली दोन पुस्तकं माझ्याकडे आहेत. तुझ्या आतोबांना झटका आला तेव्हा घेतली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, घास कोणत्या बाजूने भरवायचा, हे मी त्यांतूनच शिकले. पण संध्याकाळी सहा ते आठ या वेळात त्यांचा मला कधी उपयोग झाला नाही. घरात दिवे लागायचे असतात, शेजारची मुलं खेळून परत येत असतात आणि आपल्या घरात एक माणूस भिंतीकडे बघत बसलेला असतो, त्या वेळेबद्दल त्यांत काही लिहिलेलं नव्हतं.

मी पाठवतेय ती कादंबरी आहे. जपानी लेखक यासुनारी कावाबाता यांची. मूळ नाव 'यामा नो ओतो', म्हणजे 'डोंगराचा आवाज'. पाठवतेय ते एडवर्ड सायडनस्टिकर यांचं १९७० सालचं इंग्रजी भाषांतर. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आतोबांना बघायला आल्या होत्या, त्यांनी निघताना माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "यात काही घडत नाही, पण तुम्ही वाचा." मला तेव्हा रागच आला होता. ज्या घरात मलमूत्राचं भांडं धुवून पालथं घातलेलं दिसतंय, तिथे कुणी कादंबरी आणून देतं का? तीन महिने ते पुस्तक औषधांच्या डब्याखाली पडून होतं. तुझ्याही घरात ते तसं पडून राहिलं तर राहू दे.

गोष्ट सांगायची तर एवढीच. शिंगो ओगाता नावाचा साठी ओलांडलेला माणूस, तोक्योच्या दक्षिणेला समुद्राकाठी असलेल्या कामाकुरा गावात राहतो आणि रोज आगगाडीने तोक्योला कचेरीत जातो, आपल्याकडे कर्जतहून मुंबईला जातात तसा. घरात बायको यासुको, मुलगा शुइची, सून किकुको. मुलगा लढाईवरून परतलेला, बापाच्याच कचेरीत कामाला. बाहेर त्याची दुसरी बाई आहे, तीही लढाईत नवरा गेलेली. मुलगी फुसाको नवऱ्याला सोडून दोन पोरींना घेऊन माहेरी परत येते. घराच्या मागे डोंगर आहे. ऑगस्टमधल्या एका चांदण्या रात्री शिंगोला त्या डोंगराचा आवाज ऐकू येतो. वाऱ्यासारखा, पण जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. तो घाबरतो, कारण त्याला वाटतं, हा आपल्या मरणाचा सांगावा आहे. इतकं मोठं काहीतरी घडलं, पण त्या रात्री तो कुणालाही उठवत नाही. मुकाट अंथरुणावर जाऊन पडतो.

इथे मी पहिल्यांदा पुस्तक मिटलं आणि शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

कारण त्याच्या पुढच्या-मागच्या पानांवर यासुकोचं घोरणं आहे. ती शिंगोहून एक वर्षाने मोठी, आणि जोरात घोरते. शिंगो रात्री हात लांबवून तिचं नाक चिमटीत धरतो. लेखक अगदी साधेपणाने सांगून जातो की बायकोच्या अंगाला त्याचा हात आता एवढ्याच कामासाठी लागतो. तुझे आतोबा किती घोरायचे ते तुला आठवत असेल, तुम्ही पोरं मे महिन्यात आलात की हसायचात. पस्तीस वर्षं मी त्यांना कोपराने ढोसलं. झटक्यानंतर त्यांच्यासाठी भाड्याची लोखंडी खाट आणली आणि मी खाली गादी टाकून निजायला लागले. घोरणं चालू असेतो मला झोप लागायची. थांबलं की मी दचकून उठायची, अंधारात चाचपडत त्यांच्या नाकाखाली बोट धरायची, आणि बोटाला ऊन श्वास लागला की परत आडवी व्हायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. जपानमधल्या एका माणसाने माझ्या जन्माआधी नवरा-बायको, नाक आणि रात्र एवढंच लिहून ठेवलेलं वाचलं, आणि मी खाटेच्या कठड्याला कपाळ टेकून रडले. किती तरी महिन्यांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

बयो, दिलासा म्हणून मी जे सांगतेय ते हे एवढंच आहे. सगळं ठीक होईल असं ते पुस्तक कुठेही सांगत नाही. मुलगा सुधारत नाही. मुलीचा संसार परत जोडला जात नाही. शिंगोचं विसरणं वाढतच जातं. पण तुझ्या-माझ्या घरातल्या ज्या गोष्टींना आपण गोष्टी म्हणून मोजतही नाही, त्या तिथे शांतपणे मांडून ठेवलेल्या आहेत.

विसरण्याचंच बघ. सुरुवातीलाच शिंगोला पाच-सहा दिवसांपूर्वी काम सोडून गेलेल्या मोलकरणीचा चेहरा आठवत नाही. मुलाच्या शेजारी गाडीत बसून तो आठवायचा प्रयत्न करतो, आणि जमत नाही म्हणून आतून हबकतो. एकदा बागेतली सूर्यफुलं बघताना त्याच्या मनात येतं, माणसाचं डोकंही असं वेगळं काढता आलं तर इस्पितळात धुवायला टाकावं, तेवढे दिवस बाकीच्या शरीराने स्वस्थ झोप काढावी, स्वप्नसुद्धा न पडता. आणि शेवटच्या प्रकरणात एका सकाळी कचेरीला निघताना त्याला गळ्यातला टाय बांधता येत नाही. चाळीस वर्षं रोज बांधलेली गाठ. हात गळ्याशी जातात आणि तिथेच थांबतात. सून प्रयत्न करते, तिला जमत नाही, शेवटी बायको येऊन बांधून देते.

हे मी वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की विसरणाऱ्या माणसाला आपलं विसरणं दिसत असतं. आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो, त्यांना काय, त्यांना काही कळत नाही, हाल आपले. दादा तुझ्या लेकाला हाक मारायला तोंड उघडतो, नाव येत नाही, आणि तो "ए मुला" म्हणतो. तू लगेच विचारतेस, "बाबा, सांगा बघू याचं नाव काय?" मीही आतोबांना असंच विचारायची. वार कोणता, पंतप्रधान कोण, ही कोणाची मुलगी. शाळेत शिकवलेलं अंगात मुरलेलं, परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही. ते उत्तर शोधताना त्यांच्या कपाळावरची शीर फुगायची. ती मला दिसत होती, तरी मी विचारत होते. ते सोड, बयो. नाव तूच सांगून टाक, सहज बोलल्यासारखं.

रात्री दोन वाजता तो ऑफिसला निघतो तेव्हा त्याला सांगू नकोस की तुम्ही रिटायर झालात. त्याला ते दर वेळी नव्याने कळतं. आज सुट्टी आहे म्हण, किंवा चहा घेऊन निघा म्हण. दादाने आयुष्यात कधी चहाला नाही म्हटलेलं नाही.

आता एक सावधगिरीचं. हे पुस्तक वाचताना तुला शिंगोचा राग येईल, मलाही आला. सून त्याला लेकीहून लाडकी. फुसाको दिसायला चांगली नाही हे तो बाप असून मनात घोळवत राहतो. त्याचं तरुणपणी यासुकोच्या मोठ्या, देखण्या बहिणीवर मन होतं, ती गेली आणि त्याने धाकटीशी लग्न केलं. त्या मेलेल्या रूपाची आस त्याने आयुष्यभर धरली आणि लेकीने ते रूप घेतलं नाही म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली. फुसाको एकदा तोंडावर बोलूनही दाखवते. मी तिच्या बाजूची आहे. सुनेवरच्या त्याच्या मायेतही असं काही मिसळलेलं आहे की त्याला स्वतःच्या स्वप्नांची भीती वाटते. लेखकाने ते झाकलेलं नाही. तरीही नवऱ्याच्या वागण्याने किकुको आतून मोडत असते, पोटातलं मूल ठेवत नाही, तेव्हा घरात तिच्याकडे नीट बघणारा माणूस तोच असतो. एका प्रसंगी तो तिला 'नो' या जपानी नाट्यप्रकारातला लहान मुलाचा मुखवटा चेहऱ्याला लावायला देतो. ती लावते. आणि मुखवट्याच्या खालून, हनुवटीवरून, पाणी ओघळायला लागतं. चेहरा हसऱ्या पोराचा आणि खाली ते पाणी. या प्रसंगावर मी किती दिवस रेंगाळले होते काय सांगू.

म्हाताऱ्या माणसाला देव करायचं नाही आणि ओझंही करायचं नाही, हे मला त्यातून उमगलं. आपला दादाही सोपा माणूस नव्हता. वहिनीला त्याने फार गृहीत धरलं. तुझ्या भावाच्या शिक्षणाला पैसे निघाले आणि तुझ्या वेळेला हात आखडला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आज तो भाऊ परदेशातून रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि रात्री तू उठतेस. तुझ्या उगारलेल्या हातात फक्त परवाच्या रात्रीचा शीण नव्हता, तेही सगळं होतं. ते नाही असं मनाला भासवू नकोस. दादाचा राग येऊ दे, आणि त्याला चहाही दे. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात होऊ शकतं.

आणखी एक संदर्भ सांगते, कारण तू जपानच्या त्या काळाबद्दल विचारशीलच. ही कादंबरी १९४९ ते १९५४ या वर्षांत वेगवेगळ्या मासिकांतून तुकड्या-तुकड्याने छापून आली. देश लढाई हरलेला होता. १९४८ च्या जानेवारीपासून तिथे नवा नागरी कायदा लागू झाला आणि घरच्या कर्त्या पुरुषाला पिढ्यान्पिढ्या असलेली सत्ता कायद्याने संपली. म्हणजे शिंगो जेवणाच्या पाटावर वडील म्हणून बसतो, पण मुलाला हुकूम करायचं बळ त्याच्याकडे उरलेलं नाही. आपल्याकडे असा कायदा कुणी केला नाही, तरी झालं तेच. दादा तुझ्या घरी राहायला आला त्या दिवशी त्याने दारातच विचारलं होतं, "चपला कुठे ठेवू?" ज्या माणसाने चाळीस वर्षं आपल्या चपला दुसऱ्यांना उचलायला लावल्या, त्याचा तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिथे येते.

कावाबातांचे आई-वडील ते अगदी लहान असतानाच गेले, आई-वडिलांमागून आजी गेली, मग एकुलती बहीण गेली. ते आजोबांजवळ वाढले. आजोबा आंधळे. १९१४ च्या मे महिन्यात आजोबा अंथरुणाला खिळलेले होते, तेव्हा या मुलाला पंधरावंही पुरं झालं नव्हतं. त्याने त्यांच्या उशाशी बसून रोजनिशी लिहिली. पुढे १९२५ साली ती छापली, 'सोळाव्या वर्षाची रोजनिशी' या नावाने, कारण जुन्या जपानी मोजणीने त्याला सोळावं होतं. त्यात काय आहे? शाळेतून आल्या-आल्या आजोबा हाक मारतात, लघवीला धर म्हणतात. पोरगा धरतो, पण मनापासून नाही. त्याला कंटाळा येतो. रात्री-अपरात्री उठवतात म्हणून चीड येते. हे सगळं त्याने स्वतःविरुद्ध लिहून ठेवलं आहे. आणि त्याच पानांत, त्या भांड्यात पडणाऱ्या धारेत त्याला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी ऐकू येतं. त्याच महिन्यात आजोबा गेले.

या मुलाने पन्नाशीला येऊन शिंगो लिहिला. पुढे १९६८ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं, जपानी साहित्यिकाला मिळालेलं पहिलंच. पण मला तो नोबेलवाला माणूस आठवत नाही. मला ते चौदा वर्षांचं पोर आठवतं, डोळ्यांवर झोप, हातात भांडं, मनात चीड, आणि तरी कान उघडे. परवा तू फोनवर रडत होतीस तेव्हा मला तेच पोर दिसत होतं. तू वाईट मुलगी आहेस का, असं विचारलंस ना? तू दमलेली मुलगी आहेस. तुझे कान उघडे आहेत की नाही, एवढंच बघायचं आहे.

माझे नव्हते. सांगते.

आतोबांचा उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. गेलं म्हणजे शब्द होते, पण जागेवर नव्हते. पाणी हवं असलं की "किल्ली" म्हणायचे. पंख्याला "सोमवार". मी त्यांचा एक कोशच केला होता मनात. एक शब्द मात्र मला लागत नव्हता. रोज संध्याकाळी, साधारण साडेसहाच्या सुमाराला, मागच्या पडवीत बसवलेलं असलं की ते मोठ्याने म्हणायचे, "दूध! दूध!" मी आत भांडी घासत असायची. ओरडून सांगायची, "आणते हो, थांबा जरा." हात पुसून दूध कोमट करून न्यायची. ते पेला ढकलून द्यायचे. मी म्हणायची, मागता कशाला मग? एकदा पेला सांडला आणि मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या वहिनी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. हा प्रकार चार-पाच महिने चालला होता. मी दुधात साखर घालून पाहिली, हळद घालून पाहिली.

त्याच दिवसांत मी पुस्तकाच्या शेवटाला आले. शेवट असा आहे. रविवारचं रात्रीचं जेवण, सगळं कुटुंब एकत्र, ताटात शरदातले नदीचे मासे. पुढच्या रविवारी आपण सगळे गावी जाऊ, तिथला मेपल बघू, असं शिंगो म्हणतो. जेवणं होतात. किकुको भांडी धुवायला उठते. बाहेर एक वेल आहे, आपल्या कवंडळाच्या जातकुळीतला. कोकणात गणपतीच्या माटवीला लाल-केशरी कवंडळं टांगतात, तसंच त्याचं फळ. ती फळं जड होऊन खाली लोंबायला लागली आहेत, एवढंच शिंगो सुनेला बसल्या जागेवरून सांगतो. भांड्यांच्या आवाजात तिला ते ऐकू जात नाही. कादंबरी तिथे संपते.

मी पान उलटलं. पुढे काही नव्हतं. माझ्या मोरीत खरकटी भांडी होती, साडेसहा होत आले होते, आणि मागून आवाज आला, "दूध!"

मी नळ सोडला नाही. दूध तापवायलाही ठेवलं नाही. पडवीत जाऊन त्यांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. त्यांनी डावा हात वर केला. शेवग्याच्या पलीकडून, कृष्णेच्या दिशेने, बगळ्यांची रांग चालली होती. एक गेली, मागून दुसरी आली. खाली अंधारत होतं, पण वर अजून ऊन होतं आणि ते पक्षी त्या उन्हात पांढरेशुभ्र दिसत होते. "दूध," ते म्हणाले, या वेळी हळूच. आणि माझ्याकडे पाहिलं, मला दिसलं की नाही ते बघायला. चार-पाच महिने रोज संध्याकाळी हा माणूस मला बगळे बघायला बोलवत होता.

त्यानंतर ते दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात माझी भांडी साडेसहाला तशीच पडून राहायची, सात वाजता मी ती घासायची. ते गेले त्याला आता चार वर्षं होतील. मी अजून त्या वेळेला पडवीत असते. पावसाळ्यात रांगा जरा विस्कटलेल्या जातात, हिवाळ्यात सरळ.

पुस्तक कसं वाचायचं तेवढं सांगते. त्याची सोळा प्रकरणं आहेत. नावं बघ, 'हिवाळ्यातली चेरी', 'सकाळचं पाणी', 'रात्रीचा आवाज', 'शरदातले मासे'. मासिकांसाठी सुटं-सुटं लिहिलेलं असल्यामुळे एकेक प्रकरण वेगळं वाचता येतं. उद्या आषाढी. आपली आजी चातुर्मासात पोथी लावायची ते तुझ्या वेळेला बंद झालं होतं, पण दादाला पक्कं आठवत असेल. जुनं त्याला सगळं आठवतं ना? तसंच आठवड्याला एक प्रकरण धर. सोळा आठवड्यांत कार्तिकी येते. एका बैठकीत संपवू नकोस, रात्री दमलेली असताना तर उघडूच नकोस. सकाळी दादा अंघोळीला जातो त्या वीस मिनिटांत वाच. पहिली चाळीस पानं कंटाळवाणी वाटतील. कोण कोणाचं कोण हे कळेनासं झालं तर बघायला म्हणून मी कागदावर वंशावळ काढून पहिल्या पानात घातली आहे. मध्येमध्ये पेन्सिलीच्या माझ्या खुणा आहेत, त्या खोडू नकोस.

जमलं तर एखादा परिच्छेद दादाला तोंडी मराठी करून वाचून दाखव. टायचा सांग. त्याने नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला टाय बांधला होता. तो बांधायला कुणाला येत नव्हता म्हणून आमचे अण्णा त्याला घेऊन बँडवाल्याकडे गेले होते. ती गोष्ट त्याला आठवते का बघ. नाही आठवली तर तू सांग, मी आता तुला सांगितलीच आहे.

याच कादंबरीवर मिकिओ नारुसे यांनी १९५४ साली चित्रपट काढला होता. किकुकोचं काम सेत्सुको हारा यांनी केलंय, 'तोक्यो स्टोरी'मधल्या विधवा सुनेचं काम केलेल्या त्याच. कुठे मिळाला तर बघ, पण पुस्तकानंतर. त्या बाईंचा चेहरा एकदा मनात बसला की किकुको दुसरी दिसणार नाही.

पार्सल उद्या पोस्टात टाकते. सोबत मेतकूट आणि दादाच्या आवडीच्या सांडग्या मिरच्या आहेत, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असलं तरी आठवड्याला एक दे. श्रावणात आठ दिवस मी तिकडे येते. तेवढे दिवस तू दार लावून झोप, रात्रीचा दादा माझ्याकडे. आम्ही दोघं मिळून ऑफिसला जायची तयारी करू.

आणि एक विचारायचं राहिलं. तू म्हणालीस, दुपारी चारनंतर तो गॅलरीतली खुर्ची सोडत नाही, आत ये म्हटलं तर चिडतो, आणि काहीतरी "मोजतोय" म्हणतो. तुझ्या सोसायटीच्या त्या बाजूला काय आहे गं? मी आले होते तेव्हा पडदे ओढलेले होते. झाड आहे, रस्ता आहे, की कुणाचं घर? एक दिवस त्याच्या शेजारी बसून बघ आणि मला कळव.

तुझी,
आत्या